मामाजी पाहून राह्यले

जावई आला तोच वाफ सोडत आला. वाफ गाडीची होती हे खरं, पण लटारूच्या लेखी त्या दोघांत फारसा फरक नव्हता. मे सरत आलेला, ऊन सेहेचाळिसावर, रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवणारं. अशा दुपारी कोरपन्याहून नागभीडजवळच्या मोहटोल्यापर्यंत दीडशे किलोमीटर, काचा वर, एसी सुरू, रेडिएटरमध्ये पाणी किती याचा पत्ता नाही, अशा थाटात आलेली प्रवीणची पांढरी सेकंडहँड गाडी सासऱ्याच्या अंगणात शिरली, फुस्स केलं आणि बसली.

"या, जवाईबापू," लटारू खाटेवरून उठत म्हणाला. "लई तापून आले."

"गाडी जराशी गरम झाली, मामाजी," प्रवीण म्हणाला.

जराशी! बोनेटच्या फटीतून भाताच्या हंड्यासारखी वाफ निघत होती आणि हा म्हणतो जराशी. लटारूनं ऑइल मोजायची काडी ओढून पाहिली. काळं तेल जाऊन काडीला दूध घातलेल्या चहाचा रंग चढला होता. तेलात पाणी शिरलं म्हणजे हेड गॅस्केट फुटली. इंजिनाचं धड आणि डोकं यांच्यामधला तो पातळ पत्रा गेला की वरचं पाणी खालच्या तेलात उतरतं. हे कळायला त्याला पापणी लवायचाही वेळ लागला नाही. त्यानं काडी पुसली, जागेवर ठेवली आणि परत खाटेवर जाऊन बसला. जावयानं हातपाय धुतले, चहा घेतला, फोन काढला, अर्धा तास त्यात डोकं घातलं आणि मग बाहेर येऊन गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं, "मामाजी, हेड गॅस्केट गेली."

"असं का," लटारू म्हणाला.

लटारूनं चौतीस वर्षं माजरीच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपात काढली होती. त्याच्या हाताखालून गेलेल्या डंपरचं एकेक चाक या गाडीपेक्षा उंच. इंजिन सुरू झालं की तो डोळे मिटून सांगायचा, चौथ्या सिलिंडरला दुखतंय. आणि दुखत असायचं. हे कसब त्याच्याजवळ खरंच होतं, पंचाईत तीच होती. नुसत्या बढाईखोराचा पीळ कधीतरी उतरतो. ज्याला खरंच येतं त्याचा उतरत नाही. निवृत्त होऊन तो गावी परतला आणि खाटेवर बसून जगाची तपासणी करू लागला. नागभीडचा फारूक मेकॅनिक म्हणजे पाना सरळ धरतो एवढंच. एसटीचा ड्रायव्हर गिअर टाकतो की मुसळ घालतो ते समजत नाही. गावचा वायरमन खांबावर चढतो हेच त्याचं शिक्षण. एकूण साऱ्या तालुक्यात अक्कल म्हणून जी काही होती, ती लटारूच्या खाटेच्या चार पायांत मावत होती.

आणि या सगळ्यांच्या खालच्या पायरीवर जावई. प्रवीण कोरपन्याला कॉम्प्युटरचे क्लास चालवायचा आणि उरलेलं आयुष्य फोनमधून शिकायचा. इडली फोन पाहून, नळाची गळती फोन पाहून, स्वतःचे केस कापणंसुद्धा फोन पाहून, आणि ते दिसतही होतं. पोरगा स्वभावानं गरीब आहे, रंजीताला जपतो, असं रुखमाबाईचं म्हणणं.

"गरीब तं गाय बी असते," लटारू बायकोला म्हणायचा. "तिले कोनी इंजिन खोलाले देते का?"

हे सगळं अर्थात जावयाच्या माघारी. तोंडावर बोलायची सोय नव्हती, कारण हा धोंड्याचा महिना होता, आणि लग्नानंतरचा पहिलाच. तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याचे पाय धुवायचे, तेहतीस अनारशांचं ताट हाती द्यायचं आणि त्याला उणा शब्द बोलायचा नाही. रविवारी तो सोहळा होता. रुखमाबाई आठवडाभर आधीपासून तांदूळ भिजवून, कुटून, गुळात कालवून बसली होती.

पण रविवारपेक्षा मोठा होता सोमवार. सोमवारी सकाळी साडेनऊला रंजीताला गडचिरोलीत हजर व्हायचं होतं. आरोग्यसेविकेच्या भरतीत पाच वर्षांनी तिचं नाव लागलं होतं, तेही वरच्या एकीनं जागा सोडली म्हणून. साडेनऊला नाव पुकारणार, कागद तपासणार; जी हजर नाही तिच्या जागी खालचं नाव. पुन्हा संधी नाही, हे पत्रातच ठळक छापलं होतं. पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय निघून जाणार होतं. ते पत्र आणि सगळी प्रमाणपत्रं तिनं एका निळ्या फाईलमध्ये घातली होती आणि ती फाईल ती स्वयंपाकघरातसुद्धा सोबत नेत होती.

शुक्रवारी सकाळी फारूक मोटरसायकलवरून आला. त्यानं काडी पाहिली, रेडिएटरमध्ये डोकावला आणि मान हलवली.

"हेड उतरवून चंद्रपूरले फेसिंगले पाठवा लागते," तो म्हणाला. "एवढं तापलं म्हणजे हेड वाकते कधी कधी, मशीनवर घासून सपाट करा लागते. मशीनवाला शनवारी-इतवारी बंद. मंगळवार धरून चाला."

"मंगळवार नाई जमत, फारूकभाऊ," प्रवीण म्हणाला. "सोमवारी हिले गडचिरोलीले न्यायचं आहे. मी इथीच घरी करतो. हेड सपाट असलं तं फेसिंगची गरज नाई, मी वाचलं आहे."

फारूकनं चमकून त्याच्याकडे पाहिलं, मग खाटेवरच्या लटारूकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा निवळला. "अरे हो! लटारूभाऊ हायेत ना घरी. फिर क्या! माजरीचा मानूस बसला हाये, मले काय इचारता." आणि दुपारपर्यंत त्यानं नवी गॅस्केट आणून दिली, वर आपला टॉर्क रेंचही ठेवून गेला, बोल्ट किती जोरात आवळला हे आकड्यात दाखवणारा लांब दांड्याचा पाना.

आता हे मान्य करायला हवं की लटारू उठला होता. त्यानं सदरा काढून खुंटीला टांगला, ट्रंकेतून आपले पाने काढले आणि लुंगी खोचून गाडीपाशी गेला. तोच जावयानं त्याला हाताला धरून सावलीत आणलं.

"मामाजी, राहू द्या. तुमचं डंपरचं काम वेगळं. हे अल्युमिनियमचं हेड आहे, हाताच्या अंदाजानं कसलं तं आटे जातेत. हे मापानं करा लागते. आन् या उन्हात तुमी काऊन मेहनत करता? तुमी आरामात बसा. तुमी फक्त पाहा."

बोलताना त्यानं खाटेवरची चादरही सरळ केली. पोराच्या मनात सासऱ्याला ऊन लागू नये एवढंच होतं, हे दारातून पाहणाऱ्या रुखमाबाईला कळलं. लटारूला दुसरंच कळलं. हाताचा अंदाज! ज्या हातानं क्विंटल-क्विंटलची हेडं बसवली, त्या हाताला हा केस कापता न येणारा पोरगा माप शिकवतो! त्याच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. पण धोंड्याचा महिना होता.

"पाहतो, जवाईबापू," तो म्हणाला. "तुमी म्हनता तं फक्त पाहतो."

आणि त्यानं मिठाची गुळणी धरली.

दोन दिवस तो मांडवाखाली खाटेवर बसून पाहत राहिला. पाहण्यासारखं खूप होतं. जावयानं बोनेट उघडलं आणि पहिला पाना लावायच्या आधी अठरा फोटो काढले. बोल्ट काढला की तो एका पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात खोचायचा आणि शेजारी पेनानं नंबर लिहायचा. चार बोल्ट डोक्यात राहत नाहीत म्हणून पुठ्ठ्याची शाळा! टायमिंग बेल्ट काढायच्या आधी त्यानं रंजीताची नखं रंगवायची लाल बाटली मागून घेतली आणि चाकांवर खुणा केल्या. इंजिनाला नेलपॉलिश लावणारा मेकॅनिक लटारूनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. शेजारची गिरजाबाई कुंपणावरून बघत होती, तिला तो डोळ्यांनीच म्हणाला, पाहा, असे दिवे लावून राह्यले आमचे जवाई.

शुक्रवारी संध्याकाळी हेड उतरलं. शनिवारी सकाळी प्रवीणनं ते पोत्यावर उलटं ठेवून घासून पुसून लख्ख केलं. मग बॅगेतून क्लासच्या पोरांची पारदर्शक प्लास्टिकची फूटपट्टी काढली, हेडवर आडवी ठेवली, बोटानं दाबली, वाकून पाहिलं.

"सपाट आहे!" त्यानं आनंदानं सांगितलं, आणि सांगताना पाहिलं लटारूकडे.

लटारूनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. प्लास्टिकची पट्टी! ज्यावर ठेवाल त्याच्यासारखी वाकणारी! शेणाच्या गोळ्यावर ठेवली असती तरी सपाट म्हणाली असती. त्याला आतून इतकं हसू फुटलं की खोकला काढावा लागला. प्रवीणला वाटलं सुपारी अडकली, तो पाणी घेऊन धावला.

मग जावई जेवायला आत गेला. अंगणात कुणी नव्हतं. लटारू उठला, घरातून ट्रंकेच्या तळाशी कापडात गुंडाळलेली आपली पोलादी पट्टी घेऊन आला. निवृत्तीच्या दिवशी वर्कशॉपच्या सोबत्यांनी दिलेली. केसाएवढाही वाकडेपणा तिच्यापुढे लपत नसे. ती त्यानं हेडवर उभी धरली आणि उन्हाच्या बाजूनं डोळा लावला. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध पट्टीखालून उजेड येत होता. नखाएवढी लांब, बारीक, पांढरी रेघ. हेड वाकलं होतं. अशा हेडखाली नवी काय, सोन्याची गॅस्केट घातली तरी ती पुन्हा फुटणार.

"काय पाहून राह्यले जी?" रुखमाबाई दारात उभी होती, हाताला अनारशाचं पीठ.

"काई नाई."

"चुकत असन तं सांगा ना त्याइले."

"जवाई हाये तो," लटारू म्हणाला. "धोंड्याच्या महिन्यात जवायाले शिकवू काय? मान असते त्याचा."

आणि त्यानं पट्टी कापडात गुंडाळून पुन्हा ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

आता कुणी म्हणेल बापाला पोरीची काळजी नव्हती. तर तसं नव्हतं. लटारूनं पक्का हिशेब केला होता. वाकडं हेड, त्यावर या नवशिक्याच्या हातानं कसलेले बोल्ट; ही गाडी फाट्यापर्यंतच्या चार किलोमीटरमध्येच दम तोडेल. फारच ताणलं तर ब्रह्मपुरी. ब्रह्मपुरीत बसस्टँड आहे, गडचिरोलीच्या गाड्या एकामागून एक आहेत. पोरीला बसमध्ये बसवायचं, ती वेळेत पोचेल. आणि जावई भर चौकात बोनेट उघडून, पुठ्ठा हातात धरून उभा राहील. मग लटारू सावकाश जवळ जाईल आणि एकच वाक्य बोलेल. ते वाक्य त्यानं शनिवारपासून जिभेखाली जपून ठेवलं होतं.

दुपारभर प्रवीणनं बोल्ट कसले. फोनमध्ये पाहून मधून बाहेरच्या बाजूला, क्रमानं, तीन फेऱ्यांत, प्रत्येक वेळी टॉर्क रेंचचा आकडा मोठ्यानं वाचत. घाम डोळ्यांत जात होता. एकदा तर क्रम चुकल्याचं ध्यानात येताच त्यानं सगळे बोल्ट पुन्हा सैल करून पहिल्यापासून सुरुवात केली. लटारूला त्यात फक्त वेंधळेपणा दिसला.

रविवारी गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. गिरजाबाईनं टाळ्या वाजवल्या. चालू होणं वेगळं आणि चालणं वेगळं, असं लटारू मनात म्हणाला. मग सोहळा झाला. परातीत जावयाचे पाय धुताना लटारूला त्याच्या नखांत अडकलेलं काळं ग्रीस दिसलं. चौतीस वर्षं तसंच त्याच्या स्वतःच्या नखांत होतं, पण त्या विचारापाशी तो थांबला नाही. अनारशाचं ताट घेऊन प्रवीण वाकला आणि म्हणाला, "तुमच्या आशीर्वादानं झालं, मामाजी."

संध्याकाळी रंजीता मांडवात आली. फाईल काखेत होतीच.

"बाबा, एक इचारू? फाट्यावरून सकाळी सव्वासहाची बस आहे. मी बसनंच जाऊ का? यायनं मेहनत केली, पण... तुमी सांगा. गाडीतलं तुमाले समजते."

तिनं सरळ विचारलं होतं. लटारूनं तिच्याकडे न पाहता सुपारी कातरली.

"जवाईबापूनं दोन दिवस उन्हात हाडं उगाळली," तो म्हणाला, "आन् तू बसनं जाशीन? मग त्याचा मान काय राहीन? गाडीनंच जा. मीबी येतो सोबत."

ती निर्धास्त झाली. बापानं सांगितलं म्हणजे झालं.

सोमवारी सातला ते निघाले. प्रवीण गाडी चालवत होता, शेजारी फाईल मांडीवर घेऊन रंजीता, मागे लटारू. तो दोन सीटच्या मधून तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून बसला होता. फाटा आला आणि गेला. काटा मध्यावर. नागभीड मागे पडलं. काटा मध्यावर. इंजिनाचा आवाज लटारूनं डोळे मिटून ऐकला. आवाज सरळ होता, दुखणं कुठेच नव्हतं. त्याला जावयाचा राग आला.

ब्रह्मपुरी आली. बसस्टँडवर गडचिरोलीची बस उभी होती, कंडक्टर हाका मारत होता. आता, लटारू मनात म्हणाला, आता बस खाली. पण गाडी बसस्टँडवरून शहाण्यासारखी पुढे गेली. वैनगंगेचा पूल आला. पात्रात पाण्यापेक्षा रेती जास्त. पुलावर लटारूच्या पाठीला घाम फुटला, कारण आता त्याचा हिशेब संपला होता. या पोरानं बोल्ट त्याच्या अंदाजापेक्षा चांगले कसले होते. त्या इमानी कसण्यानं वाकडं हेडसुद्धा इथवर धरून ठेवलं होतं.

आरमोरीत काटा एक रेघ वर चढलेला त्याला दिसला.

"जवाईबापू, चहा घेऊ ना," तो म्हणाला. "बसस्टँडपाशी."

"गडचिरोलीत घेऊ, मामाजी. हिची वेळ होऊन राह्यली."

आग्रह करायचा तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं तर शनिवारची पट्टी सांगावी लागली असती. लटारू बाहेर पाहत बसला. आरमोरी सरली आणि दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झालं.

बारा किलोमीटरवर काटा एकदम लाल रेघेपलीकडे गेला. वाफ काचेवर आली. प्रवीणनं गाडी बाजूला घेतली, ती नेमकी वाघाच्या वावराची सूचना देणाऱ्या पाटीखाली. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती.

"घाबरू नोको," तो रंजीताला म्हणाला. "थंड होऊ देऊ, पाणी भरू. गडचिरोली बावीस किलोमीटर तं आहे."

अर्धा तास ते थांबले. एक बस आली, दारापर्यंत भरलेली, ती थांबलीच नाही. त्या पट्ट्यात एरवीही कुणी उगाच ब्रेक लावत नाही. रंजीता फाईल छातीशी धरून दर मिनिटाला घड्याळ पाहत होती. नऊला दहा कमी असताना प्रवीणनं पाच लिटरचा कॅन रिकामा केला, गाडी सुरू केली, आणि दोन किलोमीटर जाऊन ती खडखड करून कायमची थांबली. प्रवीण बोनेट उघडून वाफेत उभा राहिला. त्याच्या हातात खरोखरच तो पुठ्ठा होता.

आणि लटारूला राहवलं नाही. तीन दिवस जिभेखाली धरलेलं वाक्य, चौक नव्हता, बघणारे नव्हते, तरी बाहेर पडलं.

"पाणी टाकून होत नाई, जवाईबापू. हेड वाकडं हाये. दोन आन् तीनच्या मधात."

बोलताना त्याला गोड वाटलं. ते गोड वाटणं जेमतेम एक श्वासभर टिकलं.

"तुमाले कसं माईत, मामाजी?" प्रवीण म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मी पट्टी ठेवून पाह्यली होती."

"प्लास्टिकची!" लटारू म्हणाला. "हेडासंगं पट्टीबी वाकली. लोखंडाची ठेवाची असते. मी ठेवली तं उजेड..."

तो थांबला. पण वाक्य पुरेसं बाहेर आलं होतं. रंजीता वळून त्याच्याकडे पाहत होती.

"कवा ठेवली?" तिनं विचारलं.

लटारूनं सुपारीसाठी खिसा चाचपला.

"मी तं दर वेळी तुमच्याकडं पाहत होतो," प्रवीण हळूच म्हणाला. "मले वाटलं, मामाजी पाहून राह्यले म्हणजे बरोबर आहे. चुकलं असतं तं तुमी बोलले असते. तुमी बसून होते म्हणूनच मी हात लावला. नाईतं माझी काय हिंमत होती?"

"कवा ठेवली, बाबा?"

"शनवारी," लटारू म्हणाला. "जवाई जेवाले गेले तवा. पण जवायाले कसं सांगाचं, पोरी? धोंड्याचा महिना. मान असते..."

"त्याइले नसतं सांगितलं तं चाललं असतं," रंजीता म्हणाली. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. "मले सांगाचं होतं. काल मी तुमाले इचारलं होतं. मी काई जवाई नाई, बाबा."

लटारूनं उत्तर शोधलं, पण चौतीस वर्षांच्या अनुभवात, ट्रंकेत, खाटेच्या चारही पायांत, कुठेच ते सापडलं नाही. ज्याला तो तीन दिवस जावयाचा मान म्हणत होता ती त्याची स्वतःची खाज होती. दुसऱ्याला तोंडघशी पडताना पाहायचं म्हणून त्यानं पोरीला भर रस्त्यात अडकवलं होतं. अशा माणसाला खाणीत त्यानं शिपायाच्या हाताखालीसुद्धा ठेवलं नसतं.

सव्वानऊनंतर तेंदूपत्त्याचा एक ट्रक आला, पोत्यांनी वरपर्यंत भरलेला. रंजीता रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर करून उभी राहिली. ट्रक करकचून थांबला. ती ड्रायव्हरशी दोन शब्द बोलली, फाईल दातात धरली आणि केबिनच्या पायरीवर चढली. प्रवीणनं खालून तिची निसटलेली चप्पल तिच्या हातात दिली. बापाकडे तिनं पाहिलं नाही. भरलेला ट्रक कण्हत निघाला आणि बैलगाडीच्या चालीनं वळणापलीकडे गेला.

मग दोघंच उरले. पुठ्ठा बोनेटवर ठेवून प्रवीण घड्याळ पाहत होता. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले, दहा झाले. लटारूला वाटत होतं यानं शिवी द्यावी. शिवीला त्याच्याकडे उत्तरं होती.

सव्वादहाला फोन वाजला. प्रवीणनं कानाला लावला आणि ऐकत राहिला. "अच्छा," तो म्हणाला. "गैरहजर लिहिलं? अर्ज नाई घेत म्हणते? अच्छा... रडू नोको. तिथीच सावलीत बस, मी येतो." मग जरा थांबून, "बाबाले देऊ का फोन?" पलीकडून काहीतरी एकच शब्द आला. त्यानं फोन खिशात ठेवला.

"काय म्हनते?" लटारूनं विचारलं.

"काई नाई," प्रवीण म्हणाला.

त्यानं लगेच फारूकला फोन लावला, गाडी टोचन करून न्यायला. फारूकचा आवाज मोठा, जंगलात दूरवर ऐकू जाईल असा. "अरे पण लटारूभाऊ होते ना तिथी? मंग असं कसं झालं?"

"त्याइची काई चूक नाई, फारूकभाऊ," प्रवीण म्हणाला. "सारं मीच केलं. मामाजी तं फक्त पाहून राह्यले होते."

लटारूनं जावयाच्या आवाजात टोमणा शोधला. कुठल्या सिलिंडरला दुखतंय हे डोळे मिटून सांगणाऱ्या त्या माणसानं आताही डोळे मिटले आणि कान लावून ऐकलं. टोमणा नव्हता. पोरानं जे झालं तेवढंच सांगितलं होतं.

प्रवीणनं डिकीतून पाण्याची शेवटची बाटली काढली आणि आधी त्याच्यापुढे धरली.

"मामाजी, ऊन चढलं," तो म्हणाला. "तुमी सावलीत बसा."

लटारूनं बाटली घेतली आणि तो मोहाच्या झाडाखाली जाऊन बसला.